पत्र्याआडचे वासे

1941 साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट ग्रे यांनी सैन्यातल्या लोकांना राहता यावं म्हणून चाकांवरची छोटी घरं बनवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे 'शास्ता' हे नाव अमेरिकाभर पोचलं. गाडीमागे ओढून न्यायची एक खोली, तिच्यात पलंग, चूल आणि टेबल, आणि मागच्या दोन्ही अंगांना विमानासारखे पत्र्याचे पंख, असं 1961 सालच्या शास्ता एअरफ्लाइटचं रूप होतं. आजही ते पाहिलं की तिथल्या साठी-सत्तरीतल्या माणसांना आपलं लहानपण आठवतं. 2015 मध्ये इंडियाना राज्यातल्या फॉरेस्ट रिव्हर कंपनीने हेच रूप पुन्हा बाजारात आणलं, आणि शास्ताच्या जन्मसालाची आठवण म्हणून बरोब्बर 1941 नग बनवले. गल्फ स्ट्रीमची 'व्हिंटेज क्रूझर' आणि रिव्हरसाइडची 'रेट्रो' ही त्याच वाटेवरची नावं. बाहेरचा दुरंगी पत्रा, गोलसर पाठ, आत चौकड्यांची फरशी, आणि त्याच्या जोडीला एसी, फ्रिज, संडास आणि न्हाणीघर. सुट्टीत राष्ट्रीय उद्यानांत मुक्कामाला जाणाऱ्या कुटुंबांपुढे, आणि त्यात मराठी कुटुंबंही आली, यामुळे एक खरा प्रश्न उभा राहतो. अंगणात जुना ट्रेलर उभा असताना तो विकून हा नवा, जुन्यासारखा दिसणारा घ्यावा का? माझं उत्तर असं आहे की जुना ट्रेलर कोरडा असेल तर नवा घेऊ नये. या उत्तरातला 'कोरडा' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ट्रेलरला इंजिन नसतं, त्यामुळे मोटारीसारखा तो किलोमीटरनी म्हातारा होत नाही. त्याला म्हातारा करतं ते पाणी. जुन्या काळच्या बहुतेक ट्रेलरची बांधणी एकाच तऱ्हेची असे. बारीक लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्या आतून पातळ प्लायवूड, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि जिथे दोन पत्रे भेटतात त्या कोपऱ्यावर लांबी (पुट्टी) भरून वर स्क्रूने आवळलेली धातूची पट्टी. उन्हात पत्रा पसरतो, रात्री आक्रसतो. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात, लांबी सुकून तडकते, आणि मग खिडकीच्या वरच्या कडेतून, छतावरच्या झरोक्याच्या भोवतीने किंवा मागच्या दिव्याच्या भोकातून पाणी आत उतरतं. ते डोळ्यांना दिसत नाही, कारण आतली भिंत आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये ते लाकूड शांतपणे कुजवत राहतं. आतलं प्लायवूड काळं पडून फुगलं की मालकाला कळतं, आणि तोवर लाकडी पट्टी चिमटीत भुसा होऊन येते. कोकणातल्या कौलारू घराचा मालक हे वाचून चमकणार नाही. वैशाखात कौलं चाळून घर शाकारायचं, फुटकं कौल बदलायचं, कारण एका कौलाची कुचराई आढ्यापर्यंत पोचते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ट्रेलरची शाकारणीही अशीच दरवर्षी करावी लागते. जुनी लांबी खरवडून काढायची, नवी ब्युटाइल टेप लावायची, छताच्या जोडांवर सीलंटचा नवा थर द्यायचा. ज्याने हे वीस-तीस वर्षं नेमाने केलं, त्याच्याकडे जे उभं आहे ते दुकानात मिळत नाही.

'पण नवा ट्रेलर गळणार नाही ना?' हा पहिला आक्षेप, आणि बहुतेक खरेदी याच एका समजुतीवर होते. नवेपणात गळतीची हमी कुठे आहे ते पाहायला हवं. पत्र्याच्या अंगाचे बरेच नवे रेट्रो ट्रेलर आतून त्याच घराण्यातले आहेत. लाकडी चौकट, पातळ प्लाय, स्टेपल, वरून पत्रा. छत पत्र्याऐवजी रबराच्या सलग चादरीचं असतं, ही खरी सुधारणा. पण त्या छताला आता एसी, पंखा आणि संडासाच्या टाकीच्या हवेची नळी यांसाठी जास्त भोकं पडलेली असतात, आणि प्रत्येक भोकाची कड सीलंटवरच अवलंबून असते. अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्ट शहराच्या आसपास तयार होतात. तिथल्या अनेक कारखान्यांत कामगारांना नगावर मजुरी मिळते, म्हणजे जितके नग जास्त तितका पगार जास्त. कामगारांचा त्यात दोष नाही, पण कोपऱ्यातली लांबी नीट बसली की नाही हे पाहायला लागणारा वेळ या पद्धतीत कुणालाच परवडत नाही. त्यात करोनाच्या काळात मागणी इतकी चढली की 2021 मध्ये मोटरहोम आणि ट्रेलर मिळून सहा लाखांहून थोडे अधिक नग कारखान्यांतून बाहेर पडले. तो आजवरचा उच्चांक. 2023 मध्ये हा आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. घाईच्या वर्षांतला माल आता जुन्या बाजारात येतो आहे, तो घेणाऱ्याने तर विशेष जपावं. हमी बहुधा एका वर्षाची असते, आणि हमीपत्राच्या बारीक अक्षरांत सांध्यांची नियमित तपासणी मालकानेच करायची, तशी न केल्यामुळे शिरलेल्या पाण्याची भरपाई मिळणार नाही, असं लिहिलेलं असतं. थोडक्यात, शाकारणी नव्या घरालाही चुकत नाही.

आता पैशाचं गणित. समजा नवा ट्रेलर 30 हजार डॉलरचं कर्ज काढून घेतला, मुदत 15 वर्षं, व्याज 8 टक्के. अशी लांब मुदत या व्यवसायात नेहमीची आहे, कारण त्यामुळे हप्ता लहान दिसतो. हप्ता साधारण 287 डॉलर पडतो, आणि 15 वर्षांत एकूण सुमारे 51,600 डॉलर भरले जातात. पाच वर्षांनी, 17 हजारांहून जास्त भरून झाल्यावरही, अंगावर साडेतेवीस हजारांच्या वर मुद्दल शिल्लक असतं. नवा ट्रेलर दुकानाच्या फाटकाबाहेर पडताच त्याची किंमत उतरू लागते, आणि पहिल्या काही वर्षांत ती सगळ्यात वेगाने उतरते. त्यामुळे पाचव्या वर्षी तो विकला तर कर्ज फिटेल एवढे पैसेही हाती न येण्याची शक्यता मोठी असते. जुन्या ट्रेलरची किंमत जी उतरायची ती केव्हाच उतरलेली असते. त्याच हप्त्याचे वर्षाचे जवळपास 3,440 डॉलर घरच्या ट्रेलरवर खर्च केले, तर एका वर्षी नवे टायर आणि ब्रेक, दुसऱ्या वर्षी फ्रिज, तिसऱ्या वर्षी खिडक्यांचे सांधे, असं काम कर्जाशिवाय होत जातं. काही वर्षी तर काहीच लागत नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला झटकून उत्तर देणं बरं नाही. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने मरतात. नक्षी कोरी दिसली तरी पाच-सहा वर्षांनी ते बदलायलाच हवेत, आणि टायर कोणत्या वर्षी बनला ते त्याच्या अंगावरच्या सांकेतिक क्रमांकातल्या शेवटच्या चार आकड्यांवरून कळतं. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खूप जुन्या ट्रेलरला ब्रेक नसतीलही, पण अनेक राज्यांत तीन हजार पौंडांवरच्या ट्रेलरला ते कायद्याने लागतात, कॅलिफोर्नियात त्याहून कमी वजनालाही. गॅसचं म्हणाल, तर जादा भरणं रोखणारी झडप नसलेली जुनी सिलिंडरं 2002 पासून भरूनच मिळत नाहीत. गॅसची गळती आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी यंत्रं जुन्यात नसतात, ती आधी बसवायची आणि मगच आत झोपायचं. 1978 पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नये. ही यादी घाबरवणारी वाटेल, पण यातली एकूण एक गोष्ट सुटी आहे, बदलता येते, आणि नव्या ट्रेलरच्या किमतीच्या मानाने थोडक्यात होते. खालची लोखंडी चासी गंजून पोकळ झाली असेल तर गोष्ट वेगळी. हातोडीचा हलका ठोका मारल्यावर गंजाच्या खपल्या पडत असतील, तर त्या ट्रेलरवर प्रेम असूनही तो रस्त्यावर आणू नये. आणि 'नवं म्हणजे निर्धोक' हेही सरसकट खरं नाही. 2005 च्या कॅटरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारने नवेकोरे ट्रेलर दिले. 519 ट्रेलर आणि फिरत्या घरांची तपासणी झाली, तेव्हा आतल्या हवेत फॉर्माल्डिहाइडचं प्रमाण सरासरी 77 अंश प्रति अब्ज भरलं, संवेदनशील माणसाचे डोळे-घसा जळजळू शकतील इतकं. ते येत होतं दाबून बनवलेल्या लाकडातून. 2010 मध्ये त्यावर कायदा झाला आणि आजचे ट्रेलर त्यामुळे नक्कीच बरे आहेत, तरी नव्या ट्रेलरची खिडकी पहिले काही महिने उघडी ठेवणं शहाणपणाचं.

एका मुद्द्यावर नवा ट्रेलर निर्विवाद जिंकतो, तो म्हणजे सोय. पन्नास-साठच्या दशकातल्या बहुतेक छोट्या ट्रेलरमध्ये संडास नव्हता, फ्रिजऐवजी बर्फाची पेटी असे, आणि भांडी धुतलेलं पाणी सरळ जमिनीवर सोडत. आज कॅम्पग्राउंडवर तसं चालत नाही. पुण्या-नाशकाहून तीन-चार महिन्यांसाठी आलेले आई-वडील बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, रात्री दोनदा उठावं लागत असेल, तर आतला संडास ही चैन उरत नाही. त्याला करातलाही एक कंगोरा आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेला ट्रेलर अमेरिकेच्या प्राप्तिकरात दुसरं घर धरता येतो, आणि वजावटी तपशीलवार दाखवणाऱ्याला कर्जाच्या व्याजाची सूट मागता येते. पण या मुद्द्याने रेट्रोची बाजू भक्कम होते असं मला वाटत नाही. सोयच हवी असेल तर ती साध्या रूपाच्या दहा वर्षं जुन्या ट्रेलरमध्येही असते आणि निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकते. रेट्रोसाठी जादा मोजतो ते पंखांचे आणि रंगाचे, आणि जुनेपणाची ओढ ज्याच्या घरी आधीच उभी आहे त्याने ती पुन्हा विकत का घ्यावी?

काही खासगी पार्क दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर आत घेत नाहीत, हेही सांगितलं जातं. हा नियम खरा आहे, पण नीट राखलेल्या ट्रेलरचे फोटो पाठवले की बरेचदा तो सैल होतो, आणि राष्ट्रीय उद्यानांच्या कॅम्पग्राउंडवर ट्रेलरचं वय नव्हे, लांबी विचारतात. तिथे लहान जुना ट्रेलर उलट सोयीचा. 1919 मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे सुरू झालेली आणि 1998 मध्ये पुन्हा उभी राहिलेली 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही मंडळी, किंवा 1999 पासूनच्या 'सिस्टर्स ऑन द फ्लाय' या बायकांच्या गटातल्या कितीतरी जणी जुन्याच ट्रेलरमधून देश फिरतात. आणि ज्याला नवाच घ्यायचा आहे, हात लावायला वेळच नाही, त्याने पंखांकडे न पाहता सांधे मोजावेत. मिनेसोटातल्या बॅकस गावी 'स्कॅम्प' हा फायबरग्लासचा अंड्यासारखा ट्रेलर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून जवळपास त्याच आकारात बनतो आहे. त्याचं कवच मुख्यतः दोन अर्धगोलांचं, जोड कमरेपाशी. छतावर पत्र्याचे सांधे नाहीत, कोपऱ्यात लाकडी पट्ट्या नाहीत. म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वीची अशी अंडी अजून रस्त्यावर दिसतात. त्यांना कुणी रेट्रो म्हणत नाही, कारण ती कधी थांबलीच नव्हती.

घरातल्या जुन्या ट्रेलरचा निकाल मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी लावावा. आतल्या चारही कोपऱ्यांत जमिनीवर टाच रोवून पाहायची, पलंगाखालची फळी उचलून हात फिरवायचा, कपाटात नाक घालून कुबट वास येतो का ते पाहायचं, ओल मोजायचं साधं यंत्र भिंतीला टेकवायचं. वासे कोरडे निघाले तर पैसे टायर आणि ब्रेकवर घालावेत. कुजलेले निघाले तर हौशी कारागिराला कुजकेपण न लपवता विकून टाकावा. नव्याच्या दुकानातही हीच टाच आणि हेच नाक घेऊन जावं. 2015 च्या त्या 1941 एअरफ्लाइटनी आता दहा वर्षं ओलांडली आहेत. 'दहा वर्षांपेक्षा जुना नको' अशी पाटी लावलेल्या पार्कच्या फाटकावर त्यांनाही आता फोटो दाखवावे लागतील, आणि त्यातल्या कुठल्या किती काळ टिकतील हे त्यांच्या मालकांनी गेली दहा वर्षं शिडी लावून छतावर किती वेळा पाहिलं त्यावर ठरेल.