वर चढणारे स्क्रू

पाण्याचा धर्म उताराकडे जाण्याचा. लोखंडी स्क्रूचाही तोच असावा. मग वाटीच्या तळाशी ओतलेले स्क्रू काठाकडे कसे चढतात? बेळगावच्या उद्यमबागेत काम करणारी जी मुले माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येतात, त्यांचा हा ठरलेला प्रश्न. यंत्राचे नाव बाउल फीडर. त्याला जडशीळ संस्कृत प्रतिशब्द घडवण्याच्या मी विरुद्ध आहे. नाव परके राहिले तरी बिघडत नाही. यंत्र काय करते ते सांगणारी क्रियापदे मात्र आपली हवीत, आणि ती आपल्याजवळ आहेत.

वाटीच्या आतल्या भिंतीला लागून एक अरुंद वाट गोल फिरत वर जाते. वाटी तिरप्या बसवलेल्या पट्टी-स्प्रिंगांवर उभी असते आणि खाली विद्युतचुंबक असतो. चुंबकाने ओढले की वाटी किंचित खाली येऊन मागे वळते. सोडले की स्प्रिंगा तिला वर आणि पुढे झोकतात. स्क्रूही तिच्याबरोबर झोकला जातो. वाटी झटकन मागे फिरते तेव्हा तो क्षणभर अधांतरी असतो आणि उतरतो तो वाटेवर थोडा पुढे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि प्रत्येक आवर्तनात चुंबक दोनदा ओढतो, म्हणजे सेकंदाला १०० उड्या. (डायोड घालून अर्धी लाट कापली तर ५०.) उडी इतकी लहान की डोळ्याला स्क्रू सरकताना दिसतो.

पण चढणे हा सोपा भाग. खरी करामत निवडण्याची आहे. या यंत्राला डोळे नाहीत. सूप हातात घेतलेली बाईसुद्धा एकेक खडा पाहून उचलत नाही. ती पाखडते, घोळते, आणि वेगळे होण्याचे काम दाण्यांवरच सोपवते. वाटीतही तसेच. वाटेत एके ठिकाणी फट असते: स्क्रूच्या दांड्याहून रुंद, डोक्याहून अरुंद. आडवा आलेला स्क्रू तिथे दांड्याने खाली घसरतो आणि डोक्यावर लटकत पुढे जातो. दुसऱ्याच्या पाठीवर बसून आलेल्याला वरची आडवी पट्टी ढकलून पुन्हा तळाशी पाठवते. त्याला शिक्षा नाही, फक्त आणखी एक फेरी.

इथेच मुलांची अडचण होते. माल कमी पडू लागला की दोष वाटीजवळ उभ्या असलेल्याला लागतो, आणि तो बिचारा कंपनाचे बटण फिरवून जोर वाढवतो. स्क्रू मग नाचू लागतात, फटीत बसायचे ते उडून बाहेर पडतात आणि माल आणखी घटतो. हिशेब साधा आहे: वर आलेल्या १०० भागांतले २५च योग्य बाजूने आले, तर पुढे २५च जाणार. चुकीचे भाग नुसते पाडण्यापेक्षा त्यांना वाटेतच वळवणारी रचना म्हणूनच सरस. स्क्रूची फट नेमके हेच करते.

जोर वाढवण्याआधी मी मुलांना दोन गोष्टी पाहायला सांगतो. स्क्रू तेलकट आहेत का? तेलाने ते वाटेला चिकटतात, उडीच घेत नाहीत. आणि स्प्रिंगांचे बोल्ट घट्ट आहेत का? वाटी आणि स्प्रिंगा यांचा स्वतःचा झोका चुंबकाच्या ठेक्याजवळ जुळवलेला असतो. झोपाळ्याला वेळेवर दिलेला हलका धक्का पुरतो, तसे. एक बोल्ट सैल झाला की ठेका चुकतो आणि वाटी मंदावते.