वाघ आला, पण कोणता?

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तिच्यातला मुलगा खोटे बोलत होता. आमच्या भागातली अडचण निराळी आहे. इथे कोणी खोटे बोलत नाही, पण अंधारात दिसलेले जनावर तरस असो, लांडगा असो की बिबट्या, सकाळपर्यंत त्याचा वाघ होतो! रब्बीत वीज रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्याचा जीव या एका शब्दाने टांगणीला लागतो. माझे वडील त्यांपैकीच एक. म्हणून मी या विषयाकडे वळलो.

डिसेंबर २०२४ मध्ये मात्र खरोखरच वाघ आला. लातूर-बार्शी रस्त्यावरील येडशीजवळ रामलिंग घाट अभयारण्य आहे. रान जेमतेम बावीस चौरस किलोमीटरांचे. वाघाचा साक्षीदार होता तिथे बसवलेला एक कॅमेरा!

वनखाते त्याला ‘ट्रॅप कॅमेरा’ म्हणते. प्रत्येक उबदार शरीरातून डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर पडत असतात. समोरून असे शरीर सरकले की कॅमेऱ्यातील संवेदकाला उष्णतेतील फरक जाणवतो आणि छायाचित्र निघते. त्यावर तारीख व वेळ आपोआप उमटते. तो पायवाटेच्या कडेला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. समोरचे गवत कापावे लागते. नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या तापल्या गवताचीच शेकडो छायाचित्रे हाती येतात. मे महिन्याच्या भर दुपारी जमीनच अंगाइतकी तापते, तेव्हा हा संवेदक मंदावतो.

वाघ मोजायचे असतील तर वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात, कारण वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखेच प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रे निघाली. त्यांत वाघांची होती ७६,६५१. अशा जुन्या छायाचित्रांशी पट्टे ताडून पाहिले, तेव्हा येडशीचा पाहुणा यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा निघाला. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर ३०० किलोमीटरांच्या घरात जाते. वाटेत किती शेते, किती रस्ते त्याने ओलांडले असतील!

पण या यंत्राची मर्यादाही येडशीनेच दाखवली. जानेवारी २०२५ मध्ये वाघाला बेशुद्ध करून पकडण्यासाठी ताडोब्याहून पथक आले, आणि वाघ त्यांना हुलकावण्या देत राहिला. कॅमेरा सांगतो तो ‘होता’. ‘आहे’ हे तो सांगू शकत नाही. म्हणून रात्री रानात जाताना सोबत, बॅटरी आणि मोठ्याने बोलणे हे जुने उपाय सुटत नाहीत.

मित्रहो, उद्या गावात कोणी ‘वाघ पाहिला’ म्हणाले तर त्याला हसू नका, आणि मोबाईलवर बोभाटाही करू नका. तो शिकाऱ्याच्याही कानी जातो. मातीतल्या ठशावर घमेले पालथे घाला आणि वनखात्याला कळवा. झाडाला कॅमेरा कुठे बांधायचा, हे त्या ठशावरूनच ठरते.