बकऱ्याचे मूत्र, सरबताचा पेला आणि गाडीचे वायरिंग

बकरी ईद जवळ आली की मुंबईच्या देवनार बाजारातून आणि गावोगावच्या आठवडी बाजारांतून बकरे घरी आणण्याची लगबग सुरू होते. टेम्पोचे भाडे वाचावे म्हणून आमचे कित्येक व्यापारी बांधव घरच्याच गाडीत, मागच्या सीटखाली गोणपाट टाकून बकरा आणतात. मुळात माणसांची गाडी जनावरांसाठी नाही आणि जनावरांच्या वाहतुकीचे कायदेही वेगळे आहेत. पण लोक आणतात हे खरे. ईद पार पडते आणि काही दिवसांनी गाडी इलेक्ट्रिशियनच्या दारात उभी राहते. एअरबॅगचा दिवा विझत नाही, बेल्ट लावला तरी घंटी वाजते, नाही तर सेंट्रल लॉक आपल्याच मर्जीने उघडते. मालक म्हणतो, मी तर काहीच केले नाही!

अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात हा प्रश्न नव्हता. त्या गाड्यांत खाली काही सांडले तर फार तर पत्रा गंजे. आताच्या गाडीत पायाखाली आणि सीटखाली वायरींचे जाळे असते. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना ड्रायव्हरची एअरबॅग आणि बेल्टची घंटी सक्तीची झाली, तेव्हापासून स्वस्तातली गाडीही यातून सुटलेली नाही. एअरबॅगचा मुख्य डबा बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ, मधल्या कन्सोलखाली बसवलेला असतो. कंपन्यांनी पेला ठेवायची जागा नेमकी त्याच्याच वर दिली आहे. आम्हांला याचे नेहमी नवल वाटते. काचांची बटणे दाराच्या हातावर असतात, तीही वरून उघडी.

निव्वळ पाणी सांडले आणि लगेच वाळले तर बहुधा काही बिघडत नाही. बिघडवते ते पाण्यातले क्षार आणि चालू असलेला करंट. कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये ओल आली की बारा व्होल्टचा करंट त्या ओलीतून वाहू लागतो, तांबे झिजते आणि हिरवट बुरशीसारखा थर चढतो. मूत्र तर सर्वांत वाईट. त्यात मीठ असतेच, शिवाय युरिया कुजून अमोनिया होतो. नवसागर तांब्यावर काय करतो हे आमच्या कल्हईवाल्या बांधवांना सांगायला नको. हा त्याच घराण्यातला. इफ्तारच्या सरबताची साखर बटणात चिकटते, दूध आंबून आम्ल होते आणि मासळीच्या पाटीतले पाणी खारट असते. म्हणूनच दोष त्या दिवशी दिसत नाही, पुढे दिसतो.

गाडी बंद केली म्हणजे करंट बंद झाला, हा मोठा गैरसमज आहे. लॉक, घड्याळ, पार्किंगचे दिवे यांच्या वायरी किल्ली काढल्यावरही जिवंत राहतात. म्हणून जास्त सांडले की आधी गाडी बंद करावी, फडक्याने वरचे टिपून घ्यावे (घासू नये, दाबून टिपावे) आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीच्या नारिंगी केबलला मात्र घरच्या कोणीही हात लावू नये.

आता मुद्द्याचे. जनावराने गाडीत घाण केली की आपल्या घरात पहिला विचार पाकीचा येतो आणि तो यायलाच हवा. लगेच बादली आणतात आणि गाडीतच कार्पेटवर तीन वेळा पाणी ओततात. जे मूत्र कार्पेटच्या वर होते ते आता पाण्याबरोबर खालच्या फोममध्ये, कनेक्टरपर्यंत आणि पत्र्याच्या खाचांत पोहोचते. कार्पेट वरून दोन दिवसांत कोरडे लागते, खालचा फोम पंधरा दिवस ओला राहतो. धुण्याचा मसला आपल्या आलिमांना विचारावा. आमचे सांगणे इतकेच की धुणे गाडीच्या बाहेर करावे. सीट चार बोल्टवर असते. ती काढून कार्पेट उचलून अंगणात हवे तितके पाणी घालून धुता येते, पिळता येते, उन्हात टाकता येते. आत राहिलेला पत्रा ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसावा.

सीट काढताना एक खबरदारी जिवाची आहे. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा किंवा बेल्ट ओढणाऱ्या यंत्राचा असतो. बॅटरी काढल्यावर निदान दहा मिनिटे थांबल्याशिवाय तो सोडवू नये आणि त्यावर टेस्ट लॅम्प तर कधीच लावू नये. बॅग फुटू शकते. कनेक्टर सुटलेला असताना किल्लीही फिरवू नये, नाही तर दोष डब्यात नोंदला जातो आणि स्कॅनरवाल्याचा खर्च वाढतो. हिरवा थर आला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि मऊ ब्रश पुरे. हॉट गनने वाळवायला जाल तर प्लॅस्टिक वितळेल.

विम्यावर विसंबू नये. मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत इलेक्ट्रिकल बिघाड आणि परिणामी नुकसान वगळलेले असते. ते कलम आपल्या पॉलिसीत एकदा वाचून घ्यावे.

सीट कव्हर शिवणाऱ्या आमच्या कारागिरांना यात चांगला धंदा आहे. बाजारात मिळणाऱ्या मॅटला काठ नसतो, सांडलेले सरळ कडेने खाली जाते. जाड रेक्झिन किंवा ताडपत्रीचा, तीन-चार इंच काठाचा ट्रे गाडीच्या मापाने करून द्यावा. तळाला शिलाई घेऊ नये, सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपते. कोपरे पाकिटासारखे दुमडून शिलाई फक्त वरच्या काठाला घ्यावी. आत लाकडाचा भुसा आणि वर गोणपाट टाकले की ओल शोषली जाते. ड्रायव्हरच्या बाजूला मात्र ट्रे नको, तो सरकून ब्रेकखाली गेला तर जिवावर बेतेल. तसेच सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली दिसली तर त्या बाजूला दाट शिलाईचे कव्हर चढवू नये. बॅग बाहेर यायला वाट राहिली पाहिजे.

मांजर पाळणाऱ्यांसाठी तर काम आणखी सोपे. झाकणाची प्लॅस्टिकची टोपली घ्यावी, तळाला ताडपत्रीचा तुकडा, त्यावर जुना टॉवेल घालावा आणि टोपली मागच्या सीटवर न ठेवता पुढच्या सीटच्या मागे, खाली ट्रेमध्ये ठेवावी. तेथे ती घसरत नाही आणि घाण झाली तर ट्रेसकट उचलता येते.