घरगुती संगीत सर्व्हर

घरातील एका संगणकावर साठवलेले ध्वनिमुद्रित संगीत स्थानिक नेटवर्कमार्फत त्याच घरातील एक किंवा अनेक प्लेअरपर्यंत पोहोचवणाऱ्या व्यवस्थेला घरगुती संगीत सर्व्हर म्हणतात. इंटरनेटवरील संगीतसेवांपेक्षा ही व्यवस्था वेगळी आहे. येथे संग्रह श्रोत्याच्याच ताब्यात राहतो आणि इंटरनेट बंद असतानाही ऐकता येतो.

सॉफ्टवेअरची निवड

सॉफ्टवेअर निवडताना त्याचा स्रोत खुला आहे की नाही, हा प्रश्न आधी विचारावा; सोयींचा विचार नंतर. स्क्वीझबॉक्सच्या इतिहासातून याचे कारण स्पष्ट होते. अमेरिकेतील स्लिम डिव्हायसेस या कंपनीने २००१ मध्ये नेटवर्कवरून संगीत वाजवणारा प्लेअर बाजारात आणला. त्याला संगीत पुरवणारे स्लिमसर्व्हर हे पर्ल भाषेत लिहिलेले सॉफ्टवेअर मुक्त स्रोत होते. २००६ मध्ये लॉजिटेकने ही कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स मालिका बंद केली. एरवी अशी यंत्रे अडगळीत जातात. येथे मात्र स्वयंसेवकांनी सर्व्हरचा विकास चालू ठेवला. २०२४ मध्ये कंपनीची ऑनलाइन सेवाही बंद झाली. त्याच वर्षापासून हे सॉफ्टवेअर 'लिरियन म्युझिक सर्व्हर' या नावाने ओळखले जाते. जुने स्क्वीझबॉक्स आजही त्यावर चालतात. ज्यांच्याकडे ते नाहीत, त्यांना रास्पबेरी पायवर पायकोअरप्लेअर बसवून तसाच प्लेअर घरी तयार करता येतो.

यंत्रसामग्री

सर्व्हरसाठी महागडा संगणक लागत नाही. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय पुरतो. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात, म्हणजे साध्या वाय-फायच्याही क्षमतेच्या मानाने अल्पच. गाणे अडखळते ते बहुधा जाड भिंतींमुळे क्षीण झालेल्या संकेतामुळे. म्हणून निदान सर्व्हर तरी राउटरला तारेने जोडावा. रास्पबेरी पायच्या हेडफोन-जोडणीतून येणारा आवाज बेताचाच असतो; चांगल्या ध्वनिवर्धकासाठी स्वतंत्र डॅक घ्यावा.

भारतीय संगीताचा संग्रह

कलाकार, अल्बम आणि गाणे ही या सॉफ्टवेअरमधील वर्गवारी पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतावर बेतलेली आहे. राग, ताल, बंदिश आणि साथीदार यांना तीत स्वाभाविक जागा नाही. रागाचे नाव शीर्षकातच लिहिणे हा सोपा उपाय. परंतु लेखन सर्वत्र एकसारखे हवे. एके ठिकाणी 'भीमपलासी' आणि दुसरीकडे 'भीमपलास' लिहिले, तर शोध घेताना निम्मा संग्रह सापडतच नाही.

विलंबित आणि द्रुत बंदिशी दोन फायलींत असल्या, तर एमपी३ स्वरूपात त्यांच्या सांध्यावर क्षणभर शांतता पडू शकते व समेची गंमत जाते. फ्लॅक स्वरूपात ध्वनीचा कोणताही अंश गळत नाही, फाइलच्या टोकाला अशी शांतताही जोडली जात नाही, आणि मूळ सीडीच्या मानाने जागा सुमारे अर्धी ते दोन-तृतीयांश लागते. कॅसेटवरून उतरवलेली घरगुती मैफल पुन्हा मिळणारी नसते. तिची एक प्रत सर्व्हरबाहेरच्या डिस्कवर ठेवावी.