विद्यापीठाबाहेरचे अभ्यासक आणि त्यांचे मंडळ

शिवाजी महाराजांची जयंती आता १९ फेब्रुवारीला साजरी होते, त्यामागचा मोठा आधार म्हणजे घटनांच्या तारखा नोंदवणारी जेधे शकावली. भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातला हा कागद लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केला, तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात. तेव्हा ना टिळक कुठे प्राध्यापक होते, ना मंडळ हे विद्यापीठ.

वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये मंडळ स्थापले, तेव्हा पुण्याला स्वतःचे विद्यापीठही नव्हते. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतली दप्तरे मिळवत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड त्यातूनच उभे राहिले. पुढे मतभेद होऊन ते मंडळापासून दूर झाले, धुळ्यास गेले. मंडळ मात्र टिकले.

असे मंडळ नसेल तर एकट्या अभ्यासकाला नेमके काय कमी पडते, हे जुन्या कागदांचा एखादा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गाठोडे, सोडला की कळते. कसरीने खाल्लेला कागद, त्यावर शब्द न तोडता सलग धावणारी मोडी लिपी, आणि शेवटी तारीख ‘छ २१ जमादिलावल’. महिना मुसलमानी, सन कधी अरबी शब्दांत. नवखा इथेच अडतो. शेजारच्या मेजावर तारखा जुळवण्याची जंत्री उघडून बसलेले कोणी जाणते असेल, तर ती तारीख पाच मिनिटांत सुटते. नाहीतर महिना जातो. शिवाय मंडळाच्या पाक्षिक सभेत टिपण वाचायचे म्हणजे जाणकारांसमोर प्रत्येक विधानाचा पुरावा द्यायचा. पदवी नसलेल्या माणसाला याहून चांगली परीक्षा कुठे मिळणार?

ग. ह. खरे याच वातावरणात वाढले. फारसी कागद, शिलालेख, नाणी, मूर्ती या सगळ्यांत त्यांचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ लिहिणारे खरे आयुष्यभर मंडळाचे राहिले. ‘शिवभारत’ हे कवींद्र परमानंदाचे संस्कृत काव्यही स. म. दिवेकरांनी संपादून १९२७ मध्ये मंडळातर्फेच प्रकाशात आणले.

अशा संस्था वर्गणी, देणग्या आणि लोकांनी विश्वासाने सोपवलेल्या कागदांवर चालतात. घरच्या माळ्यावर मोडी कागदांचे गाठोडे असेल, तर ते रद्दीत घालण्याआधी जवळच्या संशोधन मंडळाला एकदा दाखवा.