मुलाकडे जर्मनीला जाताना

शिक्षण-नोकरीसाठी जर्मनीत गेलेली आपली मुलं आता अम्मी-अब्बांना तिकडे बोलावतात. यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात मोजतात. सुनेच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या अम्मींनी तिकीट काढण्याआधीच हा हिशेब करावा. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास पुढे प्रवेशबंदी होऊ शकते.

पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान 3 महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. किमान 30,000 युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. 15 दिवसांपेक्षा उशीर करू नये. खर्च मुलगा उचलणार असेल तर त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र घेऊन पाठवावं.

हिजाबमधला फोटो चालतो, मात्र हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा स्पष्ट दिसावा. पासपोर्ट आणि निकाहनाम्यावर नाव सारखंच आहे ना, ते पाहा. एका कागदावर ‘शेख’ आधी, दुसऱ्यावर शेवटी असेल तर वेळीच दुरुस्त करून घ्या. खोटा कागद कधीही जोडू नका. व्हिसा नाकारला तर कारण लेखी मिळतं. ती उणीव भरून पुन्हा अर्ज करता येतो.