जुन्या रौप्य डॉलरची प्रत आणि मोल : एका श्रेणीभाषेचे परीक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८७८ ते १९०४ या काळात आणि पुन्हा १९२१ साली पाडलेला रौप्य डॉलर हा त्याच्या ठशाचा कर्ता जॉर्ज मॉर्गन याच्या नावाने ओळखला जातो. त्याचे वजन २६.७३ ग्रॅम असून त्यात ९० टक्के, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम, शुद्ध चांदी असते. या चांदीचा बाजारभाव ही नाण्याच्या मोलाची किमान मर्यादा होय. तिच्यापलीकडे संग्राहक जे मोल देतो, ते मुख्यतः दुर्मिळता आणि प्रत या दोन गोष्टींवर अवलंबून असते. त्यांपैकी प्रत ही तराजूत घालून मोजता येत नाही. ती पाहावी लागते आणि शब्दांनी किंवा अंकांनी सांगावी लागते. हे सांगणे जितके काटेकोर, तितका मोलाचा अंदाज विश्वसनीय. म्हणूनच नाण्याची पारख हा काही अंशी भाषेचाही प्रश्न ठरतो.

प्रत ठरविण्याची जुनी इंग्रजी परिभाषा गुणवाचक विशेषणांची आहे. ‘गुड’, ‘व्हेरी गुड’, ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ अशी ही चढती माळ ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे व्यवहारात न फिरलेले, या पदापाशी पोचते. येथे शब्दाचा कोशगत अर्थ वाचकाची दिशाभूल करतो. ‘गुड’ म्हटलेल्या मॉर्गन डॉलरवर स्वातंत्र्यदेवतेच्या मस्तकाची बाह्यरेखा व सन एवढेच स्पष्ट उरलेले असते. केसांचे बारकावे बहुतेक झिजून गेलेले असतात. म्हणजे ‘चांगले’ हे विशेषण येथे माळेच्या जवळजवळ तळाशी बसते. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, हे सोस्यूरचे तत्त्व येथे अक्षरशः पैशांत मोजून दाखविता येते.

विशेषणांची ही संदिग्धता टाळण्यासाठी अंक आले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. विल्यम शेल्डन याने १९४९ साली आरंभीच्या अमेरिकन ताम्र सेंटांवरील ग्रंथात १ ते ७० अशी श्रेणी मांडली, ती मुळात किमतींचे गुणोत्तर म्हणून. कसेबसे ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत एक मानली, तर निर्दोष नाण्याची सत्तर, असा तिचा अर्थ होता. ‘गुड’ला ४, ‘फाइन’ला १२, ‘व्हेरी फाइन’ला २०, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ला ४० आणि अस्पर्शित नाण्याला ६० हे विषम अंतराचे अंक झिजेच्या मापातून नव्हे, तर या बाजारभावातून निघाले. पुढे भाव बदलले व गुणोत्तर मोडले. अंक मात्र टिकले. १९७० नंतरच्या दशकात ते सर्वच अमेरिकन नाण्यांना लागू झाले. व्युत्पत्ती विसरली जाऊन शब्द निराळ्या अर्थाने रूढ व्हावा, तसाच हा प्रकार होय.

या अंकमालेत आणखी एक सांधा दडलेला आहे. ६० च्या खाली प्रश्न असतो तो झिजेचा. मॉर्गन डॉलरवर ती प्रथम डोळ्यावरील व कानावरील केसांत आणि मागील बाजूस गरुडाच्या छातीवर दिसते. ६० आणि त्यावरील नाण्यांत झीज नसतेच. तेथे विचार होतो तो पिशवीत हजार नाणी एकत्र आदळून पडलेल्या खुणांचा, ठशाच्या उठावाचा आणि झळाळीचा. परिणामी ५८ चे किंचित घासलेले नाणे खुणांनी भरलेल्या ६० च्या नाण्याहून डोळ्यांना अधिक देखणे वाटू शकते. तेव्हा परीक्षकाने प्रथम निर्णय करावयाचा तो झीज आहे की नाही याचा. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतील पुष्कळ नाण्यांवर केस व छाती मुळातच पुसट उठलेली असतात. अशा वेळी झळाळी साक्ष देते : त्या पुसट जागीही ती अखंड असेल, तर दोष ठशाच्या उठावाचा, तेथेच ती तुटली असेल, तर झीज. नाणे घासून उजळले असल्यास मूळ झळाळी नष्ट होते आणि मोल घटते.

प्रत आणि दुर्मिळता यांचा संबंधही सरळ नाही. सॅन फ्रान्सिस्को येथे १८८१ साली १ कोटी २७ लाखांहून अधिक डॉलर पाडले गेले व त्यांतील असंख्य नाणी उत्तम स्थितीत उरली. त्याच टांकसाळीचे १८८४ चे डॉलर ३२ लाख पाडलेले असूनही बहुतेक व्यवहारात गेले. त्यामुळे झिजलेले नाणे सहज मिळते, अस्पर्शित मात्र अत्यंत विरळा. केवळ टंकनसंख्या पाहून अंदाज बांधणेही धोक्याचे, कारण १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये २७ कोटींहून अधिक रौप्य डॉलर वितळविले गेले. उलट, न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर दुर्मिळ म्हणून प्रसिद्ध होता. १९६२ साली सरकारी कोठारातून त्याच्या पिशव्या बाहेर पडताच त्याची किंमत कोसळली. नाण्यांची प्रत तीच राहिली. बदलली ती त्यांची उपलब्ध संख्या.

१९८० नंतरच्या दशकात स्वतंत्र संस्था नाण्याची प्रत ठरवून ते मोहोरबंद आवरणात देऊ लागल्या. त्यामुळे विक्रेत्याच्या सोयीची विशेषणे मागे पडली. तरीही आवरणावरचा अंक हे मोजमाप नसून प्रशिक्षित डोळ्यांचे मत आहे. तेच नाणे पुन्हा पाठविल्यास अंक बदलू शकतो. ६४ आणि ६५ यांच्यामध्ये किमतीचा फरक कधी कित्येक पटींचा असतो, डोळ्यांना दिसणारा फरक मात्र एखाद्या ओरखड्याचा. म्हणून अंक वाचताना तो कोणत्या निकषांवर दिला गेला हे तपासणे, आणि शेवटी नाणे स्वतः पाहणे, हाच मोलाचा अंदाज करण्याचा शास्त्रीय मार्ग होय.